पाठीतल्या पाण्याचा इतिहास

हा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि यात एकही लढाई नाही. किल्ले, ताम्रपट आणि मोडी पत्रे यांची सवय असलेल्यांनी थोडा धीर धरावा. आजचा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासातला आहे. शरीरात अन्यत्र झालेला कर्करोग मेंदूच्या आवरणावर पसरला आहे, हे जिवंत माणसात ओळखायचे कसे? हे ओळखण्याची रीत घडायला सुमारे दीडशे वर्षे लागली, आणि ती अजून पुरती घडलेली नाही.

विषय का घेतला, ते आधी सांगतो. गडचांदूरला आमच्या घरी मोठी आई होती; माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया व केमोथेरपी होऊन तीन वर्षे उलटली होती आणि तो विषय संपला असे घरात सर्वांनी धरले होते. मग एका उन्हाळ्यात तिचे डोके दुखू लागले. "लय दुखून राहिलं," एवढेच ती म्हणे. पुढे उलट्या सुरू झाल्या, आणि एके दिवशी अंगणातला पेरू दाखवीत ती म्हणाली, "एकाचे दोन दिसून राहिले बापा."

एका रुग्णालयात तिच्या पाठीतून पाणी काढले. अहवालात प्रथिने वाढलेली, साखर घटलेली आणि लसीकापेशी वाढलेल्या होत्या. निदान झाले क्षयजन्य मेंदूज्वराचे. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, सोबत स्टेरॉइडही. चार दिवसांत डोके थांबले. घरात हायसे वाटले. मात्र क्षय हा शब्द आल्याबरोबर तिचे ताट, वाटी आणि पेला वेगळा झाला, आणि चार वर्षांच्या नातवाला तिच्या खोलीत जाण्यास मनाई झाली. तीन आठवड्यांनी दुखणे परतले. या वेळी तिच्या तोंडाची एक बाजूही ओघळली होती.

ते तीन आठवडे कोणी घालवले, असा राग मी पुष्कळ दिवस बाळगून होतो. या निदानाचा इतिहास वाचल्यावर तो बराचसा निवळला. सगळा नव्हे.

आता मूळ विषयाकडे. मेंदू व मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात. बाहेरचे जाड, चिवट आवरण म्हणजे दृढतानिका. तिच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी जालतानिका, आणि मेंदूच्या प्रत्येक वळीला चिकटून आत शिरणारी अत्यंत पातळ अशी मृदुतानिका. आतल्या दोन आवरणांमधील फटीत एक स्वच्छ, रंगहीन द्रव खेळत असतो. शास्त्रीय मराठीत त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. आपल्याकडे दवाखान्यात सगळे त्याला 'पाठीतले पाणी' म्हणतात आणि तेच नाव मी पुढे वापरणार आहे. प्रौढ माणसात ते एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असते, म्हणजे चहाचे दोन लहान कप. परंतु दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते आणि जुने शोषले जाते. कर्करोगाची एखादी पेशी रक्तातून, किंवा नसेच्या कडेकडेने, या फटीत पोहोचली की तिला वाहून नेणारे पाणी तयारच असते. मेंदूच्या तळापासून कमरेच्या शेवटच्या मज्जातंतूपर्यंत ती कुठेही जाऊन बसू शकते. स्तनाचा व फुप्फुसाचा कर्करोग, मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग, आणि रक्ताचे कर्करोग या वाटेने अधिक जातात.

गंमत अशी, की हे पाणी तिथे आहे हेच शरीरशास्त्रज्ञांना फार काळ नीट ठाऊक नव्हते. कारण साधे होते. शवविच्छेदन करताना प्रथम शिर धडावेगळे करण्याची रीत होती, त्यामुळे पाहणी सुरू होण्यापूर्वीच पाणी वाहून जाई. १७६४ मध्ये नेपल्सचे डोमेनिको कोतुन्यो यांनी ती रीत मोडली. त्यांनी शव उभे ठेवून कमरेपाशी छेद दिला आणि पाणी पाहिले. इतिहासाच्या अभ्यासकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे. पुरावा नसणे आणि पुरावा आपणच सांडून टाकणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात.

पुढचा टप्पा १८७० चा. कार्ल योझेफ एबर्थ हे जर्मन विकृतिवैज्ञानिक तेव्हा झुरिकमध्ये प्राध्यापक होते. फिरखो यांच्या सुप्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी एका शवविच्छेदनाचे वर्णन छापले. लेखाच्या शीर्षकातच मृदुतानिका आणि फुप्फुस हे दोन्ही शब्द शेजारी आहेत. मेंदूच्या पातळ आवरणावर कर्करोगाची वाढ पसरलेली त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आज वैद्यकीय ग्रंथ या रोगाचे पहिले वर्णन म्हणून हाच लेख दाखवतात. एबर्थ यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते मात्र दहा वर्षांनी, विषमज्वराच्या जंतूमुळे. मृदुतानिकेचा तो लेख बराच काळ कपाटात पडून राहिला असावा असे वाटते, आणि त्यात नवल नाही. मृत्यूनंतर कळणाऱ्या रोगाचे डॉक्टरला करायचे काय?

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? वर्धा नदीच्या अलीकडे चांदा जिल्ह्यात इंग्रजांची पहिली जमीन-मोजणी आणि बंदोबस्त होत होता. नदीच्या पलीकडचा राजुरा तालुका, आणि त्यातले आमचे गडचांदूर, निजामाच्या राज्यात होते. ते चांदा जिल्ह्यात आले थेट १९५९ मध्ये. चांद्याच्या ब्रिटिशकालीन वृत्तांतांत गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहची कथा येते, ती तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. राजाच्या अंगभर खांडुके झाली होती. शिकारीत तहानलेला तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला, एका खळग्यातल्या पाण्याने हातपाय धुतले, आणि जिथे पाणी लागले तिथली कातडी स्वच्छ झाली. तिथेच अचलेश्वराचे स्थान सापडले आणि चांदा शहराचा पाया घातला गेला. ही आख्यायिका आहे, पुरावा नव्हे. परंतु तीत रोग उघड्या अंगावर आहे, आणि तो पहिल्यांदा नाहीसा झालेला दिसतो राणीला, डोळ्यांनी. मोठ्या आईचा रोग असा होता, की तो कुणाच्याही डोळ्यांना दिसला नसता.

तो दिसण्यासाठी आधी पाठीत सुई घालावी लागली. १८८९ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात वॉल्टर एसेक्स विंटर यांनी क्षयजन्य मेंदूज्वराच्या एका रुग्णाच्या कमरेतून पाणी बाहेर काढले. कवटीतला दाब कमी व्हावा एवढाच हेतू होता. असे चार रुग्ण त्यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. चौघेही दगावले. त्याच वर्षी जर्मनीतील कील येथील हाइनरिश क्विंके यांनी अधिक सफाईदार रीत मांडली. आत दांडी घातलेली पोकळ सुई कमरेच्या दोन मणक्यांमधून सरळ घालायची, कातडी कापायची नाही. त्या पातळीवर मज्जारज्जू संपलेला असतो आणि फक्त मज्जातंतूंचा झुपका लोंबत असतो, म्हणून धोका कमी. क्विंके तेथेच थांबले नाहीत. त्यांनी पाण्याचा दाब मोजला, प्रथिने पाहिली, जंतू शोधले. दाब उतरवण्याचे साधन त्यांच्या हाती निदानाचे साधन झाले. लंबर पंक्चर आजही मूलतः तेच आहे. 'पाठीत सुई घातली की माणूस अधू होतो' ही आपल्या भागातली भीती मी लहानपणापासून ऐकत आलो. मोठ्या आईच्या वेळीही ती घरात बोलली गेली आणि त्यात दोन दिवस गेले. ते दोन दिवस आमचे, डॉक्टरांचे नव्हेत.

१८९३ मध्ये लुडविग लिख्टहाइम यांनी नोंदवले की जंतूंमुळे व क्षयामुळे होणाऱ्या मेंदूज्वरात पाण्यातली साखर घटते. ही नोंद ध्यानात ठेवा, पुढे तिनेच घोळ केला.

कर्करोगाच्या बाजूने पहिले पाऊल पडले पॅरिसमध्ये. फेर्नां विडाल आणि त्यांचे सहकारी सिकार व राव्हो यांनी १९०० च्या आसपास एक सोपी कल्पना रुजवली. शरीरातल्या पोकळ्यांमधील पाणी काढा, ते फिरवून गाळ खाली बसवा, आणि त्या गाळात कोणत्या पेशी आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. आधी छातीतल्या पाण्यावर आणि मग पाठीतल्या पाण्यावर त्यांनी हे केले. पेशींवरून निदान ही संकल्पना येथून प्रचारात आली. १९०४ मध्ये पॅरिसचेच आंरी द्यूफूर यांनी मेंदूच्या आवरणावर पसरलेल्या सार्कोमाच्या एका रुग्णाच्या पाण्यात परक्या, दुष्ट पेशी दाखवल्या. एबर्थपासून चौतीस वर्षांनी हा रोग शवागारातून वॉर्डात आला.

येथे थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. १९०४ मध्ये रीत सापडली, तर मग पुढची सत्तर वर्षे हे निदान दुर्मिळच का राहिले?

एक कारण असे की त्या काळी असा रोग झालेला माणूस बहुधा मूळ कर्करोगानेच आधी जाई. दुसरे कारण अधिक रोचक आहे. हा रोग पाठीतल्या पाण्यात दुसऱ्याचा वेष घेऊन येतो. आवरण सुजले की प्रथिने पाझरतात. शरीर लसीकापेशी धाडते. कर्कपेशी भरपूर साखर खातात, आणि सुजलेल्या आवरणातून साखर आत येण्याची वाहतूकही बिघडते, म्हणून पाण्यातली साखर घटते. आता हीच तीन वाक्ये क्षयजन्य मेंदूज्वरासाठी लिहून पाहा. शब्द बदलावे लागणार नाहीत. मेंदूच्या तळाशी साचणारा दाह, त्यात सापडणाऱ्या डोळ्यांच्या व चेहऱ्याच्या नसा, कवटीतला वाढता दाब, सगळे तसेच. ज्या देशात क्षय विरळ आहे तेथे असे पाणी पाहून डॉक्टर कर्करोगाची शंका घेतो. भारतात तो क्षयाची घेतो, आणि बहुतेक वेळा त्याचे बरोबर असते.

हे 'बहुतेक वेळा' नीट समजून घ्यायला मुंबईत जावे लागेल. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत जे. जे. रुग्णालयात क्षयजन्य मेंदूज्वराची मुले मोठ्या संख्येने येत. बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदाणी त्यांना वॉर्डात पाहत, आणि मेंदूविकृतीचे अभ्यासक डॉ. दाराब दस्तूर त्यांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. क्षयामुळे आवरणाखालच्या मेंदूचे नेमके काय बिघडते, यावरील या दोघांचा १९६६ चा अभ्यास जगभर वाचला गेला. क्षयाचा जंतू पाण्यात क्वचितच डोळ्यांना सापडतो आणि तो वाढवून पाहायला अनेक आठवडे लागतात. तेवढी वाट पाहिली तर रुग्ण राहत नाही. म्हणून पुरावा हाती येण्यापूर्वीच औषध सुरू करायचे, असा दंडक पडला. त्या दंडकाने या देशात असंख्य जीव वाचवले आहेत. मोठ्या आईवर क्षयाचे उपचार सुरू करणारा डॉक्टर अडाणी नव्हता. तो या दंडकाप्रमाणे चालला होता. चूक होती ती पुढची. कर्करोगाचा पूर्वेतिहास कागदावर असताना दुसरी शंका मनात जिवंत ठेवायची राहून गेली. शिवाय स्टेरॉइड दोन्ही रोगांत सूज उतरवते आणि दोन्हींत डोके थांबवते. ते चार दिवस बरे वाटणे हा औषध लागू पडल्याचा पुरावा नव्हताच.

मुंबईचीच दुसरी वाट परळकडे जाते. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, आणि त्या दुःखातून निघालेल्या कामाला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालयाचे रूप आले. तेथील प्रयोगशाळांची घडी बसवली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. भारतीय विकृतिविज्ञानाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणाऱ्या कर्करोगाकडे जगाचे लक्ष वेधणारा १९४५ चा शोधनिबंध त्यांचाच व सूर्याबाईंचा. १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे (माहेरच्या समर्थ) यांनी देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा याच केंद्रात उभी केली. काचेच्या पट्टीवरील सुट्या पेशीवरून कर्करोग सांगता येतो, ही गोष्ट जगाच्या गळी उतरली ती याच काळात, पापानिकोलाऊ यांच्या १९४३ च्या ग्रंथानंतर. पाठीतल्या पाण्याची अडचण अशी की त्यात पेशी फारच थोड्या असतात. फिरवताना त्या फुटतात. १९५४ मध्ये जर्मनीत झाइक यांनी पेशी आपोआप, हळूहळू काचेवर बसाव्यात अशी छोटी कुपी बनवली. नंतर पेशी हलक्या हाताने काचेवर फिरवून बसवणारी यंत्रे आली. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण एका पट्टीवर तीन पेशी असतील आणि त्यांतली एक फुटली, तर निदानच बदलते.

रोग दुर्मिळ न राहण्याचे कारण मात्र वेगळ्याच दिशेने आले, आणि त्यात आपल्या उपखंडाचा वाटा मोठा आहे. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधन पाहत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या अमिनोप्टेरिनने सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाची मुले काही काळ सुधारलेली दाखवली. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. पाठोपाठ मेथोट्रेक्सेट आले, मुले अधिक जगू लागली, आणि मग डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. रक्त स्वच्छ, अस्थिमज्जा स्वच्छ, आणि मूल डोकेदुखीने रडते आहे. पाण्यात कर्कपेशी! रक्तातले औषध मेंदूच्या आवरणापर्यंत पुरेसे पोहोचतच नव्हते. शत्रू गड सोडून चोरवाटेने दुसऱ्या गडावर जाऊन बसला होता, असे या धाग्याच्या वाचकांना सांगितले म्हणजे पुरे. मेम्फिस येथील डोनाल्ड पिंकल यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या उपचारक्रमात मेंदूला किरण आणि पाठीतल्या पाण्यात मेथोट्रेक्सेट, हे लक्षणे दिसण्यापूर्वीच दिले. जवळजवळ निम्मी मुले बरी झाली. टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी, बालपणी पोलिओ झाल्याने स्वतः चाकांच्या खुर्चीवरून काम करीत, १९८४ च्या सुमारास अमेरिकेच्या इयन मॅग्रथ यांच्यासह भारतीय परिस्थितीला झेपेल असा उपचारक्रम उभा केला. त्यातही आवरणाचे रक्षण हा मुख्य भाग होता. हा क्रम मुंबई, चेन्नई व दिल्लीत सुमारे दोन दशके चालला.

आणखी एक नाव येथे हवे. अयूब ओमाया, जन्म १९३०, मियाँ चन्नू, तेव्हाच्या अखंड पंजाबात. ऑक्सफर्डमार्गे अमेरिकेत गेलेल्या या मेंदूशल्यवैद्याने १९६३ मध्ये टाळूच्या कातडीखाली बसणारी रबरी टोपी आणि तिला जोडलेली नळी मांडली. तिच्यातून मेंदूच्या पोकळीतील पाणी केव्हाही काढता येते, औषध घालता येते, पुनःपुन्हा पाठ टोचावी लागत नाही. बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वरासाठी ती बनवली होती. कर्करोगाच्या रुग्णांना तिचा सर्वांत मोठा उपयोग झाला. जगभर तिला आजही ओमायांचेच नाव आहे.

आता न्यूयॉर्क. कर्करोगाच्या रुग्णांची मज्जासंस्था हाच ज्यांनी आयुष्यभराचा विषय केला, त्या जेरोम पॉस्नर यांच्या गटाने १९७४ मध्ये अशा ५० रुग्णांचा सविस्तर अभ्यास छापला. त्यातली शिकवण अशी: रुग्ण एकच तक्रार सांगतो, पण नीट तपासले तर मज्जासंस्थेच्या एकाहून अधिक पातळ्यांवर बिघाड सापडतो. डोके दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या पायाची प्रतिक्षिप्त क्रिया गेलेली असते. चेहरा ओघळलेल्याला लघवीला त्रास होत असतो. एका ठिकाणच्या गाठीने हे सारे घडत नाही. १९८२ मध्ये याच गटाने ९० रुग्णांवर लिहिले, आणि त्यातला आकडा आजही शिकवला जातो. पहिल्या पाण्यात कर्कपेशी सापडल्या ५४ टक्के रुग्णांत. पुनःपुन्हा पाणी तपासल्यावर हे प्रमाण ९१ टक्क्यांवर गेले.

म्हणजे रोग असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा पहिला अहवाल 'कर्कपेशी आढळल्या नाहीत' असाच येतो.

१९९८ मध्ये अमेरिकेतील मायकेल ग्लँट्झ यांनी या चुकीची कारणे शोधली. ती अगदी घरगुती वाटावीत अशी आहेत. पाणी कमी घेतले जाते. किमान साडेदहा मिलिलिटर हवे. पाणी प्रयोगशाळेत उशिरा पोहोचते. तोवर पेशी विरघळून जातात. जिथे लक्षण आहे तिथून दूर पाणी काढले जाते. आणि एकदा नकार आला की पुन्हा कोणी काढत नाही.

हे मी वाचले तेव्हा मोठ्या आईची फाइल उघडून बसलो. पहिल्या वेळी पेशीपरीक्षेला गेलेले पाणी होते दोन मिलिलिटर. ते दुपारी काढले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत पोहोचले. द्यूफूर यांच्या रुग्णाचे पाणी १९०४ मध्ये वॉर्डातून सूक्ष्मदर्शकापर्यंत किती वेळात गेले असेल, याचा विचार मनात आला. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या नकाशावर हा प्रश्न फार मोठा होतो. जिवती किंवा भामरागडच्या माणसाला पाणी काढणारा डॉक्टर कदाचित सापडेल, पण त्या पेशी ओळखणारा विकृतिवैज्ञानिक सेवाग्राम किंवा नागपूरला असतो, आणि पेशी एसटीची वाट पाहत नाहीत. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले, हे अलीकडचे.

चित्रण या बाबतीत नंतर मदतीला आले. हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने १९७१ पासून मेंदूतल्या गाठी दाखवल्या, पण कागदाहून पातळ थर त्याला बहुधा चुकवत असे. खरा फरक पडला एमआरआयमध्ये वापरायचे गॅडोलिनियम आल्यावर, १९८८ नंतर. शिरेतून हे द्रव्य दिले की आजारी आवरण पांढरे उजळते. मेंदूच्या वळ्यांवर साखरेचा पाक चढवल्यासारखे दिसते, आणि जर्मन डॉक्टरांनी त्याला नाव दिले तेही पाकावरूनच. तरी सावधगिरी हवी. क्षयातही आवरण उजळते. पाणी काढल्यानंतर लगेच एमआरआय केला तर केवळ दाब उतरल्यानेही उजळू शकते, म्हणून शक्य तेथे आधी चित्र, मग सुई. उलट बाजूने, चित्र स्वच्छ असूनही रोग असू शकतो. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शनाने हे मान्यच करून टाकले. पाण्यात पेशी सापडल्या तर निदान पक्के, आणि न सापडल्या तर लक्षणे व चित्र यांवरून 'संभाव्य' किंवा 'शक्य' अशा पायऱ्या. क्षयाच्या बाजूनेही वेग आला आहे. जंतूचे जनुक काही तासांत शोधणारी यंत्रचाचणी २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली. तिचा नकारही अंतिम धरायचा नसतो. आता पाण्यात तरंगणारे कर्करोगाचे जनुकीय तुकडे शोधण्याचे काम चालू आहे. त्यात फुटलेली पेशीसुद्धा साक्ष देते. ते यशस्वी झाले तर दूरच्या जिल्ह्यांना त्याचा लाभ सर्वांत अधिक होईल, असे माझे मत आहे.

मोठ्या आईला चौथ्या आठवड्यात नागपूरला नेले. तेथे एका तरुण निवासी डॉक्टरने तिला फार काही विचारले नाही. चेहरा पाहिला, दोन्ही गुडघ्यांवर हातोडी मारली, डावा पाय हलला नाही हे पाहिले, आणि मग म्हणाला, "काकू, छातीचं ऑपरेशन कधी झालं होतं?" गॅडोलिनियमसह एमआरआय झाला. मग पाणी काढले, तीन नळ्या भरून, आणि एक शिकाऊ डॉक्टर त्या हातात धरून जिना उतरून प्रयोगशाळेत गेला. तो अहवालही नकारच होता. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा पाणी काढले. या वेळी पेशी सापडल्या, स्तनाच्या मूळ कर्करोगाशी मिळत्याजुळत्या.

उपचाराविना असा माणूस साधारण चार ते सहा आठवडे जगतो. उपचारांनी काही महिने, क्वचित अधिक. हे आम्हाला स्पष्ट सांगण्यात आले. क्षयाच्या गोळ्या बंद झाल्या, आणि त्यांच्यासोबत सतत येणारी मळमळही. कमरेला किरण दिले, त्याने पायातली कळ थांबली. पाठीतून औषधही दिले. ती गडचांदूरला परतली आणि अकरा आठवडे राहिली, त्यांतले सात बऱ्यापैकी.

परत आली त्या संध्याकाळी तिने विचारले, "क्षय नाही ना मग?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "तर माह्यं ताट वेगळं कायले ठेवलं?" क्षय केवळ मेंदूच्या आवरणाला झाला असता, तरीही ताट वेगळे ठेवण्याची गरज नव्हती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. माझ्या आईने काही न बोलता ते ताट, वाटी आणि पेला घासून घरच्या मांडणीवर लावला. नातू तोवर तिच्या खाटेवर चढून बसला होता.